आयटीआय झालं, पगार किती? नव्या कारागिराने आकडा कसा वाचावा

निकाल लागून दोन-तीन महिने झाले की मला फोन सुरू होतात. "सर, बावीस हजार बोलले होते, खात्यात पंधराच आले." मुलगा चाकणला असतो, नाहीतर रांजणगावला, कधी वाळूजला. मी आयटीआयत जोडारी शिकवतो, म्हणजे फिटर ट्रेड. त्याआधी नऊ वर्षं शॉपफ्लोअरवर काढली. अशा फोनांपैकी बऱ्याच वेळा कंपनीने एक रुपयाही खाल्लेला नसतो, मुलाने आकडा नुसता ऐकलेला असतो. काही वेळा मात्र खरोखर खाल्लेला असतो. दोन्हींतला फरक स्वतःचा स्वतःला ओळखता यावा म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय. जोडारी, कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), सगळ्यांना लागू आहे. प्लंबर आणि सुतारांनी सातव्या पायरीपासून वाचलं तरी चालेल.

पायरी १: मस्टर कोणाचं, ते आधी विचारा

एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला, एकच बोल्ट आवळणारी दोन माणसं असतात. एकाला दुसऱ्याच्या तिप्पट पगार असतो. कौशल्यात फरक नसतो, फरक असतो तो कोणाच्या मस्टरवर नाव आहे याचा. म्हणून पहिला प्रश्न "किती देणार?" हा नको. "माझं नाव कोणाच्या हजेरीपटावर असेल आणि कोणत्या नावाने?" हा हवा.

अप्रेंटिस असाल तर तुम्हाला पगार नसतो, विद्यावेतन असतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली हे चालतं. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिन्याला किमान ७,००० रुपये आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, म्हणून सही करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघा. मोठ्या कंपन्या किमानापेक्षा जास्त देतात, शिवाय कॅन्टीन आणि बस. अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओटीला, म्हणजे जादा तासांच्या कामाला, थांबवायचं नसतं. हे वर्ष पैशाचं नाही हे मान्य करूनच आत जा. शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे अनेक दारांवर विचारलं जातं. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. सात हजारांत भागत नाही म्हणून चौथ्या महिन्यात सोडून जाणारी मुलं मी दर वर्षी बघतो. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही, घरची परिस्थिती त्यांनाच माहीत. पण आठ महिने निभावलं असतं तर कागद हातात आला असता.

ट्रेनी हा शब्द फसवा आहे. त्याच्यामागे अप्रेंटिस करार असू शकतो, एखादी सरकारी योजना असू शकते किंवा काहीच नसू शकतं. "कोणत्या कायद्याखाली ट्रेनी?" असं विचारलं आणि समोरचा गडबडला, तर तुम्ही कामगारच आहात आणि तुम्हाला किमान वेतन लागू आहे, असं धरून चाला.

कंत्राटी म्हणजे नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. चाकण-भोसरी पट्ट्यात नव्या मुलाची सुरुवात बहुतेक इथूनच होते. सध्या माझ्या मुलांच्या हातात ओटी सोडून चौदा ते अठरा हजार पडतात. सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात, पुन्हा घेतात, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. नोकरी तीच, टोपीचा रंग बदलतो. ब्रेक म्हणजे नुसती सुट्टी नाही. सलग नोकरी मोडली की कायम होण्याचा हक्क मागायला आधार उरत नाही, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाची) वर्षं मोडतात आणि वाढ परत शून्यावर येते.

निश्चित मुदतीचा करार ही त्यातल्या त्यात बरी जागा. नाव थेट कंपनीच्या मस्टरवर असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यानुसार अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतनलाभ द्यावे लागतात आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही. पत्रावर मुदतीची तारीख स्पष्ट हवी.

कायम कामगार आणि मजबूत युनियन असेल तर जग वेगळं. तिथे दर तीन-चार वर्षांनी वेतन करार होतो आणि पुणे-नाशिकच्या मोठ्या वाहन कंपन्यांत एकेका करारात महिन्याला दहा हजारांच्या वरची वाढ झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या वाचूनच "कंपनीत लाखभर मिळतात" अशी गावात हवा होते. त्या जागा मोजक्या आहेत आणि भरती क्वचित निघते.

सरकारी बाजूचा हिशेब उघड असतो, तो एका दमात सांगतो. महावितरणच्या विद्युत सहायकाला पहिली तीन वर्षं मानधन असतं. ५,३४७ जागांच्या भरतीत ते अनुक्रमे १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये होतं, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. रेल्वेचा तंत्रज्ञ ग्रेड-३ सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल-२ वर लागतो, मूळ वेतन १९,९०० आणि वर महागाई भत्ता, घरभाडे. परीक्षेची तयारी करत वर्षं घालवायची की कामाला लागून तयारी करायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

पायरी २: किमान वेतनाचा कागद काढा

मुलाखतीच्या आदल्या रात्री हे काम करा, अर्धा तास लागतो. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगासाठी किमान वेतनाचा वेगळा तक्ता असतो, अभियांत्रिकीचा वेगळा, दुकानं-आस्थापनांचा वेगळा. त्यात दोन गोष्टी बघायच्या: परिमंडळ आणि कामगाराचा वर्ग. परिमंडळ कंपनीच्या पत्त्यावरून ठरतं. मोठ्या शहरांचा दर वरचा, ग्रामीण भागाचा खालचा. औद्योगिक पट्टे शहराच्या हद्दीबाहेर असतात, त्यामुळे नेमकं परिमंडळ अंदाजाने ठरवू नका, अधिसूचनेत वाचा. वर्ग तीन: कुशल, अर्धकुशल, अकुशल. मूळ किमान दरावर विशेष भत्ता मिळवायचा असतो. महागाईच्या निर्देशांकानुसार तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. इंटरनेटवर सापडलेला तक्ता मागच्या सहामाहीचा तर नाही ना, हे तपासा.

खरी मेख वर्गात आहे. आयटीआय झालेला वेल्डर वेल्डिंगच करतो, पण कागदावर "हेल्पर" म्हणून लावलेला असतो. हेल्पर अकुशल, म्हणजे दर खालचा. महिन्याचा फरक फार मोठा नसेल, पण पीएफ, बोनस, ओटी सगळं त्याच आकड्यावर मोजलं जातं. शिवाय दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागाल तेव्हा त्यावर "हेल्पर" असंच येतं. तो दाखला घेऊन दुसरीकडे वेल्डरच्या जागेला जाऊन बघा. म्हणून नेमणुकीच्या पत्रावर पदनाम काय लिहिलंय ते रकमेच्या आधी वाचा.

पायरी ३: बावीस हजारांचे पंधरा कसे होतात

सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा सगळा खर्च. त्यातला काही भाग तुमच्या हातात येतच नाही, काही वर्षाने येतो, काही पाच वर्षांनी. एक उदाहरण सोडवून बघू.

समजा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००, घरभाडे १,४०० आणि इतर भत्ते २,६००. झाले १८,०००. याला ग्रॉस म्हणतात.

यातून तुमचा पीएफ १२ टक्के, तो बेसिक-डीएवर, म्हणजे १,६८०. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्का, साधारण सव्वाशे रुपये. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापलेला दिसला तर परत मागा. कॅन्टीन आणि बसचे समजा ६००. उरले साधारण १५,४००.

आता कंपनीच्या बाजूने मोजा. १८,००० अधिक तिचा पीएफ प्रशासकीय खर्चासकट १,८२०, ईएसआयसी सव्वातीन टक्क्यांनी पाचशे-सहाशे, बोनसची तरतूद ८.३३ टक्क्यांनी १,१६६, ग्रॅच्युइटीचे पावणेसातशेच्या आसपास. बेरीज बावीस हजारांच्या थोडी वर जाते. भरतीवाल्याने "बावीस" सांगितले ते खोटं नव्हतं, खात्यात पंधरा आले तेही बरोबर.

मग तक्रार कधी करायची? पीएफ कापलाय, पण जमा नाही, तेव्हा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि उमंग अॅपवर पासबुक बघा. मालकाचा १२ टक्के वाटा तुमच्याच पगारातून कापलेला दिसला, म्हणजे पीएफच्या नावाने २४ टक्के जाताहेत, तेव्हाही करा. सीटीसीत धरून सांगणं वेगळं आणि ठरलेल्या ग्रॉसमधून कापणं वेगळं. बूट, हेल्मेट, गॉगलचे पैसे कापत असतील तर थेट विचारा, सुरक्षेची साधनं द्यायची जबाबदारी मालकाची आहे.

नव्या वेतन संहितेमुळे एक बदल झालाय तो लक्षात ठेवा. पूर्वी बेसिक अगदी बारीक ठेवून भत्त्यांचा डोंगर करायचे. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्याने काहींच्या हातातली रक्कम थोडी घटून पीएफ वाढू शकतो. ते नुकसान समजू नका.

ईएसआयसीचं कार्ड काढून घरी ठेवणारे खूप आहेत. ग्रॉस २१,००० च्या आत असेपर्यंत तुमच्या घरच्यांचे उपचारही त्यात बसतात. आईचं नाव घातलं का ते आधी बघा.

पायरी ४: ओटीचा दर स्वतः काढा

बेसिक-डीए भागिले २६, भागिले ८. आपल्या उदाहरणात १४,००० भागिले २६ म्हणजे ५३८, भागिले ८ म्हणजे तासाला ६७. कायद्याने ओटी दुप्पट, म्हणजे १३४ च्या पुढे. महिन्याला चाळीस तास ओटी केलात तर साधारण ५,४००. सिंगल रेटने दिलं तर २,७००. हा फरक माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात वरचा आहे. छोट्या शॉपमध्ये ओटी सिंगलच मिळते आणि ती पगारपत्रकावर न दाखवता पाकिटात देतात. हजेरी कार्डाचा फोटो रोज काढून ठेवा. भांडायचं की नाही ते नंतर ठरवता येतं, पण पुरावा नंतर तयार करता येत नाही.

ओटीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ओटीच्या रकमेवर पीएफ नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही. पंधरा पगार आणि आठ ओटी मिळून तेवीस येताहेत म्हणून मुलगा गाडीचा हप्ता बसवतो. २०१९ मध्ये वाहनउद्योग मंदावला तेव्हा पुण्याच्या पट्ट्यात कारखाने आठवड्यातले काही दिवस बंद राहू लागले, ओटी एका रात्रीत गेली आणि हप्ते राहिले. हप्ता बसवायचा तर ओटी सोडून उरलेल्या आकड्यावर बसवा.

पायरी ५: चूक किती महागात पडते ते बघा

इथे कौशल्य आणि पैसा यांची खरी गाठ पडते, म्हणून जरा थांबतो. मुलं मला विचारतात, "सर, कोणत्या ट्रेडला जास्त पगार?" ट्रेडवरून फार काही ठरत नाही. तुमच्या हातून काम बिघडलं तर मालकाचं किती नुकसान होणार आणि तसं न बिघडवणारी किती माणसं त्याला मिळतात, यावर दर ठरतो.

वेल्डर घ्या. चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये मिगवर (आपोआप तार पुढे येणाऱ्या वेल्डिंग मशीनवर) ब्रॅकेट जोडणारा मुलगा महिनाभरात शिकून तयार होतो. टाका वाकडा आला तर ग्राइंडर मारून पुन्हा मारता येतो. स्पॉटचं काम तर आता रोबो करतो. म्हणून त्याचा पगार शेजारच्या असेंब्लीवाल्याइतकाच. आता पाइप वेल्डर बघा. त्याची चाचणी सिक्स-जी पोझिशनमध्ये असते. पाइप ४५ अंशांत घट्ट बांधलेला, फिरवायचा नाही, स्वतः भोवती फिरून खालून, बाजूने, वरून टाका घालायचा. पहिला रूट, म्हणजे मुळातला थर, टिगने, ज्याला शॉपमध्ये आर्गन म्हणतात, मग वरचं भरण रॉडने. नंतर त्या जोडाचा एक्स-रे निघतो. आत बारीक भोकं राहिली किंवा मुळापर्यंत धातू उतरला नाही तर तो जोड कापायचा, परत घासायचा, परत भरायचा, परत एक्स-रे. तोवर क्रेन उभी, बाकीचे बसलेले. ज्याचे जोड पहिल्या फटक्यात पास होतात त्याला ठेकेदार स्वतः फोन करतो.

बॉयलरच्या कामाला आणखी एक कागद लागतो. भारतीय बॉयलर विनियमांखाली वेल्डरची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण. आपल्याकडे याची मागणी कुठे, तर साखर कारखान्यांत. गाळप हंगाम संपला की उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत बॉयलरच्या नळ्या बदलायची कामं निघतात. रसायनी, लोटे-परशुराम, तारापूरच्या रसायन पट्ट्यात शटडाउन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणं) असतात. अशा कामावर माझ्या माहितीतले वेल्डर दिवसाला दीड हजारांच्या पुढे घेतात, राहणं-जेवण वेगळं. काही ठिकाणी इंच-डायावर बोली होते, म्हणजे पाइपचा व्यास गुणिले जोडांची संख्या. ऐकायला छान आहे, पण शटडाउन वीस-पंचवीस दिवसांचा असतो आणि दोन शटडाउनच्या मधे महिनाभर घरी बसावं लागतं. वर्षाची बेरीज करून बघा, महिन्याची नको.

सीएनसीत, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, याच गोष्टीच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, काढतो, व्हर्नियरने मोजतो. भोसरीत माझ्या मुलांना सध्या यासाठी पंधरा ते वीस हजार मिळतात. सेटर टूल बसवतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घालतो, पहिला पीस पास करून देतो. त्याने एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे केलं तर टूल जाऊन चकवर आपटतं आणि स्पिंडलचं काम लाखात जातं. त्याचे बावीस ते तीस. प्रोग्रामर त्याच्या वर. आता गंमत अशी की ऑपरेटरवरून सेटर व्हायला कुठला कोर्स आड येत नाही, आड येतो तो कंटाळा. रात्रपाळीला सेटर टूल बदलत असताना त्याच्या शेजारी उभा राहणारा मुलगा वर्षभरात सेटर होतो, मोबाइल बघणारा पाच वर्षांनीही बटणच दाबतो. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स ज्याला वाचता येतो त्याला मुलाखतीतच दोन-तीन हजार वर मिळतात. डाय आणि साच्यांच्या कामाकडे वळायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स बघा. टूलरूममधली माणसं हळू तयार होतात आणि म्हणूनच सहज काढली जात नाहीत.

वीजतंत्र्यांचं गणित सहीवर चालतं. हात सारखाच चालणारे दोघे असतील, त्यातल्या एकाकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना असेल तर त्याला वेगळी किंमत आहे. पुढे पर्यवेक्षकाचा परवाना काढला की विद्युत ठेकेदाराला तुमची गरज पडते, कारण त्याच्या परवान्यासाठी असा माणूस दाखवावा लागतो. नव्या मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराच्याच सहीने जातो. कारखान्यात मेंटेनन्सला असाल तर नुसत्या वायरिंगवर अडकू नका, पॅनेल, ड्राइव्ह आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) बघायला शिका. लाइन बंद पडली की मिनिटाला नुकसान मोजलं जातं आणि ती चालू करणाऱ्याला रात्री दोन वाजता गाडी पाठवून आणतात. छतावरच्या सोलरचं कामही पीएम सूर्यघर योजनेनंतर, म्हणजे २०२४ पासून वाढलं आहे. उंचीवरचं काम आहे, सेफ्टी बेल्टशिवाय चढायला सांगणाऱ्याकडे थांबू नका.

फिटर, माझाच ट्रेड, सगळीकडे लागतो आणि म्हणूनच सगळ्यात स्वस्त मिळतो. हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स किंवा प्रेस-मोल्डिंग मशीनची दुरुस्ती, काहीतरी एक धरा. एसी मेकॅनिकची कमाई मार्च ते जून, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ६: पगारातून गाव वजा करा

चाकणचे सतरा आणि कोल्हापूरचे साडेतेरा, जास्त कुठले? चाकणला तिघांत-चौघांत खोली घेऊन माणशी दोन हजार, मेस तीन-साडेतीन हजार, महिन्यातून एकदा गावी जाण्या-येण्याचे सात-आठशे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लागलेला मुलगा घरून डबा घेऊन जातो. संध्याकाळी म्हशी असतात, शेताला पाणी असतं. हातात उरणारा पैसा जवळपास तेवढाच, कधी जास्तच.

पण दहा वर्षांचा विचार केला तर पारडं फिरतं. पुणे पट्ट्यात नोकरी बदलायला रस्ता ओलांडायचा असतो. एका गेटवर वाढ नाही मिळाली तर शेजारच्या गेटवर मिळते. लहान गावात दोन-चार मालक असतात आणि ते एकमेकांना ओळखतात, कोणाला किती देतो तेही त्यांना ठाऊक असतं. माझा सल्ला विचाराल तर पहिली चार वर्षं मोठ्या पट्ट्यात काढा, सेटर किंवा परवानाधारक व्हा, मग परतायचं तर परता. तेव्हा दर तुम्ही सांगाल.

पायरी ७: नाक्यावर, हजेरीवर की उक्तं

प्लंबर, सुतार, गवंडी, रंगारी, घरगुती वायरिंगवाले, यांना पगारपत्रक नसतं. यांचे तीन मार्ग. हजेरीवर म्हणजे दिवसाचा दर, खाडा पडला की पैसे नाहीत. उक्तं म्हणजे काम अंगावर घ्यायचं: वायरिंग पॉइंटवर, फरशी आणि रंग चौरस फुटावर, प्लंबिंग बाथरूमवर. तिसरा मार्ग मटेरियलसकट ठेका, तो पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका.

हजेरीचा दर मोठा दिसतो. समजा दिवसाला हजार. पण महिन्यात तीस हजेऱ्या भरत नाहीत, बावीस भरल्या तर देवाची कृपा. बावीस हजारांतून पेट्रोल अडीच हजार, ब्लेड-बिट-टेप आणि मशीनची झीज दीड हजार. उरले अठरा. त्यात पीएफ नाही, ईएसआयसी नाही, पावसाळ्यात निम्मं काम. म्हणजे कारखान्यातल्या पंधरा हजारवाल्याशी बरोबरी करायची तर हजेरी हजारच्या वर हवी.

उक्त्या कामात पैसा आहे, वेग असेल तर. फर्निचरमध्ये राजस्थानी आणि पीओपीत बंगाली कारागीर इतके का दिसतात, यावर आपल्याकडे बरीच बडबड होते. ते पाच-सहा जणांच्या टोळीने येतात, साइटवरच राहतात, सकाळी आठला हात चालू करतात आणि पंधरा दिवसांचं काम दहा दिवसांत संपवतात. चौरस फुटाचा दर तोच, पण दिवसाला पडलेली कमाई दीडपट. आपला मुलगा साडेदहाला साइटवर पोहोचतो आणि दर परवडत नाही म्हणतो.

दर सांगण्याआधी हे करा: काम मोजा, किती दिवस लागतील ते लिहा, त्यात एक दिवस मटेरियल आणायचा आणि एक दिवस पैसे मागायला फिरायचा धरा, हेल्परची हजेरी मिळवा आणि मग आकडा बोला. भिंत फोडून परत बुजवायची कोणी, मलबा उचलायचा कोणी, हे आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात. पैसे टप्प्याने घ्या आणि शेवटचा टप्पा लहान ठेवा, कारण तो अडकतोच. उचल घेऊन काम बांधून घेणाऱ्या ठेकेदाराकडे दर नेहमी कमी असतो, उचल फिटेपर्यंत तो वाढवता येत नाही.

बांधकामावर काम करत असाल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी हेही यात येतात, फक्त गवंडी-बिगारी नाहीत. बिल्डरने भरलेला एक टक्का उपकर तुमच्यासाठीच असतो. सुतार, लोहार आणि गवंड्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. वायरमन आणि प्लंबर त्या अठरा व्यवसायांत बसत नाहीत.

पायरी ८: बाहेरदेशी जायचं असेल तर

आखातात जाताना रियाल-दिरहमचा रुपया करून खुश होऊ नका. राहणं आणि जेवण कंपनीचं की तुमचं, ओटी धरून सांगितलेला आकडा आहे का, आणि दोन वर्षांनी तिकीट कोण देणार, हे तीन प्रश्न विचारा. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं, दीड-दोन लाख मागणारा कायदा मोडतोय. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा (बाहेर कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, असा) शिक्का येत नाही.

जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा हजार कुशल कामगारांसाठी करार केला, त्यात वीजतंत्री आणि प्लंबरसुद्धा आहेत. तिथे अडतं ते भाषेवर. जर्मन शिकायला महिनोन्महिने लागतात आणि तेवढा काळ कमाईवर पाणी सोडावं लागतं किंवा पाळी करून अभ्यास करावा लागतो.

पायरी ९: वाढ मागताना आणि गेटबाहेर पडताना

वाढ मागायला जाताना महागाईचं रडगाणं नको, सुपरवायझरलाही तीच महागाई असते. एका वहीत लिहून ठेवा: कोणती मशीन स्वतः सेट केली, कधी लाइन चालू करून दिली, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं. तारखेसकट. ही वही घेऊन बोलायला गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परत आलेला मी फारसा पाहिला नाही. वेळ निवडताना शेजारचा सेटर सोडून गेल्याच्या आठवड्यासारखी वेळ नाही.

पाचशे रुपयांसाठी दर चार महिन्यांनी कंपनी बदलू नका. एका ठिकाणी दीड-दोन वर्षं दिसली नाहीत तर पुढचा मालक मशीन शिकवत नाही. बदलताना यूएएन तोच ठेवा, नवीन काढू नका आणि पीएफ काढून खाऊ नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजतात, ठेकेदार बदलले तरी एकाच यूएएनखाली ती जोडली जाते.

निघताना चार कागद घ्या: अनुभवाचा दाखला खऱ्या पदनामाने, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, पूर्ण हिशेबाचा कागद आणि गेटपास जमा केल्याची पोच. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता व्हायला हवा. माझ्या पहिल्या कंपनीने मला त्यासाठी सात चकरा मारायला लावल्या होत्या आणि शेवटी सेफ्टी शूजचे पैसे कापून घेतले होते. ते शूज मी आधीच परत केले होते, फक्त त्याची पोच घेतली नव्हती.